लाँग मार्च, आरे, मोलें: मोर्चा पांगल्यावर काय उरतं?

पायवाट

११ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च सायनच्या सोमय्या मैदानात पोचला. नाशिकहून निघून सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालणं झालेलं. रात्री मुक्काम करून सकाळी आझाद मैदानाकडे निघायचं होतं, पण १२ तारखेला दहावीचा पेपर होता. पोरांची वाट अडायला नको म्हणून माणसं मध्यरात्री पुन्हा उठली आणि उजाडायच्या सुमारास मैदानात जाऊन बसली. तोवर त्यांच्या पायांचे फोटो देशभर पोचले होते. सोललेले तळवे, तुटलेल्या चपला, डोक्यावर लाल टोप्या. ठाण्या-मुलुंडपासून लोक पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन रस्त्याकडेला उभे राहिले. १२ च्या संध्याकाळी सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या.

तेव्हापासून या मोर्चाबद्दल दोन वाक्यं ऐकत आलोय. एक, सोशल मीडियाने सरकारला झुकवलं. दोन, फोनवर बोटं फिरवून काही होत नसतं, रस्त्यावरच उतरावं लागतं. मला दोन्ही अपुरी वाटतात, म्हणून हा धागा.

फोटोंनी काय केलं ते आधी सांगतो, कारण त्यांना कमी लेखायचं नाही. पहिले काही दिवस राष्ट्रीय वाहिन्यांवर हा मोर्चा जवळपास नव्हताच. फोटो फिरायला लागले तसं मुंबईकरांच्या मनातलं चित्र पालटलं. ट्रॅफिक अडवणारा जमाव येतोय असं वाटण्याऐवजी, आपल्याकडे दमलेली, शिस्तीची माणसं येताहेत असं लोकांना वाटू लागलं. त्या वातावरणात मोर्चा ठाण्याच्या वेशीवर अडवणं कोणत्याही सरकारला जड गेलं असतं. हे काम फोनने केलं, आणि ते मोठं काम आहे.

पण चाललं कोण? सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, डहाणू, तलासरी. यातल्या डहाणू-तलासरीत लाल बावटा १९४५ पासून आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं तेव्हापासून. वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करण्याच्या मागणीसाठी हीच माणसं आधी कित्येक वेळा तहसील, प्रांत आणि कलेक्टर कचेरीपुढे बसून आलेली होती. कोणता कागद कुठल्या टेबलावर अडलाय हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे मंत्र्यांपुढे बसल्यावर मागण्या नेमक्या होत्या: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढा, कर्जमाफीतून सुटलेल्यांना सामावून घ्या, नार-पार आणि दमणगंगेचं पाणी गुजरातला वळवू नका. अजित नवले, अशोक ढवळे, जिवा पांडू गावित यांच्यासारखे नेते बोलणी करायला होते, आणि त्यांनी हो म्हटलं की मैदान उठणार हे सरकारलाही ठाऊक होतं.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. सहा महिने उलटले तरी बरेच दावे पडूनच राहिले. फेब्रुवारी २०१९ ला पुन्हा मोर्चा निघाला. मार्च २०२३ ला दिंडोरीहून पुन्हा निघाला आणि वाशिंदला थांबला. २०१८ चे फोटो शेअर करणाऱ्या लाखोंपैकी या फेऱ्यांच्या वेळी फार थोडे सोबत होते.

आता मुंबईतलं आरे. तिथल्या झाडीत होणाऱ्या मेट्रो ३ च्या कारशेडविरुद्ध (गाड्या ठेवायची जागा) २०१४ च्या अखेरीपासून लोक बोलत होते. वृक्ष प्राधिकरणाकडे ८० हजारांच्या वर हरकती गेल्या, त्यातल्या बहुतेक ऑनलाइन मोहिमांतून. तरी २९ ऑगस्ट २०१९ ला २,६४६ झाडं तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप गेले, माणसं मिळेल त्या वाहनाने आरेत धावली, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कोर्टाला दसऱ्याची सुट्टी होती. एका कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं गेलं, आणि ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाच्या विशेष खंडपीठाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती.

पुढे सरकार बदललं. २९ नोव्हेंबर २०१९ ला कारशेडच्या कामाला स्थगिती आली. २०२० मध्ये आरेतली ८०० एकर जागा राखीव जंगल म्हणून जाहीर झाली आणि कारशेड कांजुरमार्गला न्यायचं ठरलं. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने कांजूरच्या जागेचं हस्तांतरण रोखलं. जून २०२२ ला पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड आरेत परत आलं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला असं दिसतं. ऑनलाइन लाट लक्ष मिळवून देते, आणि रस्ता सरकारला त्या लक्षाची किंमत मोजायला लावतो. पण दोन्हींचं आयुष्य थोड्या दिवसांचं असतं. त्या दिवसांत जे मिळेल ते धरून ठेवणारे हात आधीपासून तयार असावे लागतात, आणि मागणी एखाद्या ठरावीक अधिकाऱ्याच्या सहीपर्यंत नेलेली असावी लागते. आरेत ही तयारी नव्हती असं मुळीच नाही. तिथल्या पाड्यांतले आदिवासी आणि काही मोजके कार्यकर्ते वर्षानुवर्षं झटत होते. पण लाट आली तेव्हा सही होऊन गेली होती.

तुम्ही जवळून पाहिलेल्या आंदोलनात काय झालं? मोर्चा पांगल्यावर काय उरलं? लिहा.


अनघा_ठाणे

फार नेमकं मांडलंय. एक भर घालते. त्या रविवारी आनंदनगर नाक्यावर आमच्या सोसायटीतली वीसेक माणसं होती. त्यांतल्या कोणाच्याही घरात शेती नाही, कोणी कधी मोर्चाला गेलेलं नाही. फोनवर ते पाय दिसले नसते तर ही माणसं घरात बसून राहिली असती. सरकारला भीती वाटली ती शेतकऱ्यांची जेवढी, तेवढीच आमच्यासारख्यांची. मुंबई-ठाण्याचा मध्यमवर्ग आपल्या हातून निसटतोय ही भीती. म्हणून "लक्ष मिळवून देते" हे मला थोडं कमी वाटतं. त्या दिवशी बाजू कोणाची घ्यायची हे लोकांनी ठरवलं, आणि ते ठरवण्यात फोनचा हात होता.


सुरगाणाकर

धाग्याबद्दल धन्यवाद. मी सुरगाणा तालुक्यात दाव्यांच्या कागदांचं काम केलंय, म्हणून "दावे निकाली काढा" या चार शब्दांत काय काय असतं ते लिहितो. शहरातल्या वाचकांपर्यंत हे सहसा येत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल तर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. सुरुवात ग्रामसभेपासून. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समितीकडे दावा जातो, मग जागेवर पाहणी, मोजणी, ग्रामसभेचा ठराव. तिथून फाइल प्रांताच्या उपविभागीय समितीकडे आणि मग कलेक्टरच्या जिल्हा समितीकडे.

पुरावा काय द्यायचा? ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो काय देणार? आमच्याकडे सगळ्यात कामी आलेला कागद म्हणजे वनखात्याने अतिक्रमण म्हणून केलेल्या दंडाची पावती. बापाला, आज्याला दंड झाला होता, म्हणजे ते तिथे कसत होते. ज्या घरांनी त्या पावत्या जपल्या त्यांचं काम सोपं झालं. पावती नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने बांध, विहीर, झाडं.

मग मंजुरी येते आणि कळतं की कसतो दोन एकर आणि कागदावर आलेत काही गुंठे. २०१८ ला पायाला फोड येईपर्यंत चालणाऱ्यांत अशी माणसं फार होती. दावा पूर्ण फेटाळलेले वेगळेच. फेटाळला तर कारण लेखी कळवायला हवं, साठ दिवसांत अपील करता येतं. पण पत्रच हातात पडत नाही, मग साठ दिवस मोजायचे कुठून? आणि या फेटाळलेल्यांवर १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा बेदखलीचा आदेश आला. २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस आमच्या पाड्यांवर लोकांना झोप नव्हती.

फोनचा उपयोग आम्हाला मोर्चाच्या आठवड्यापेक्षा त्यानंतर जास्त झाला. गावातली पोरं दाव्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवतात. सुनावणीची तारीख लागली की गटावर पडते, मग म्हाताऱ्याला कोणीतरी मोटरसायकलवर घेऊन जातं. जुनी उपग्रह चित्रं काढून २००५ च्या सुमाराचे बांध दाखवता येतात. नियमाप्रमाणे असं चित्र पूरक पुरावा म्हणून चालतं, पण तेच एकमेव म्हणून अधिकाऱ्याला मागता येत नाही. हा नियम पोरांनी फोनवर दाखवला म्हणून एका सुनावणीत साहेबांनी फाइल परत उघडली. हे कुठेही व्हायरल झालं नाही. त्या घराला जमीन मिळाली.

मोर्चाची गरज आम्हाला का पडते? वर्षभर न हलणारी फाइल मोर्चाच्या आधी आणि नंतरच्या महिन्यात हलते. तेवढ्या वेळात आम्ही जमतील तितके दावे पुढे ढकलतो. त्यासाठीच चालतो.


भाकरतुकडा

सुरगाणाकर, तुमचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. दंडाच्या पावतीची गोष्ट कळली नव्हती. जमलं तर वेगळा धागा काढाच.


रोजचा_प्रवासी

मी थोडं विरोधात लिहितो. मरोळ नाका ते कफ परेड मेट्रो ३ ने जातो-येतो. ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी सुरू झाली, ऑक्टोबर २०२५ ला पूर्ण मार्ग. त्याआधी अंधेरीहून चर्चगेटपर्यंत लोकलच्या दारात लोंबकळून गेलोय. २,१४१ झाडांचं वाईट मलाही वाटलं. पण २३,१३६ कोटींचा प्रकल्प ३७,२७६ कोटींवर गेला. सगळं कारशेडमुळे नाही हे मान्य, तरी स्थगितीची, जागा बदलण्याची आणि परत येण्याची किंमत कोणीतरी भरलीच.

माझा मुद्दा हा की ऑनलाइन आंदोलनात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही ते बघा. ज्याचं झाड जाणार, ज्याचा पाडा जाणार, ज्याला निसर्गाची आस्था आहे तो दिसतो. रोज चार तास प्रवासात घालवणारी नालासोपाऱ्याची बाई हॅशटॅग चालवत नाही. ती थकलेली असते. मग ८० हजार हरकती म्हणजे मुंबईचं मत, असं कसं मानायचं? मोजणी कोणाची झाली हा प्रश्न तुमच्या लेखात यायला हवा होता.


पायवाट

रोजचा_प्रवासी, प्रश्न रास्त आहे. ८० हजार म्हणजे मुंबईचं मत असं मी म्हणणार नाही. हरकत हे मतदान नव्हेच. एका माणसाने जरी सांगितलं की या जागेवर पाणी साचतं, इथून मिठी नदीला पाणी जातं, इथे वारली पाडा आहे, तरी प्राधिकरणाने त्याचं उत्तर द्यायला हवं. मला त्या हरकतींमध्ये वेगळंच काही खटकतं. एकच मजकूर, खाली नावं निराळी. एकाच मजकुराच्या हजारो हरकती एका उत्तरात निकाली काढता येतात. संख्या मोठी दिसते आणि अधिकाऱ्याचं काम उलट सोपं होतं. झाडनिहाय, जागानिहाय लिहिलेल्या पाचशे हरकतींनी त्याला जास्त अडचणीत आणलं असतं असं माझं ठाम मत आहे.

नालासोपाऱ्याच्या ताईंबद्दल: मेट्रो हवी की नको असा वाद आरेच्या लोकांनी घातलाच नव्हता. कारशेड कुठे हा वाद होता, आणि कांजुरमार्गचा पर्याय २०१५ ला सरकारनेच नेमलेल्या समितीच्या चर्चेत होता. ऑनलाइन गदारोळात मात्र "मेट्रो विरुद्ध झाड" एवढंच उरलं, आणि त्यात दोन्ही बाजूंचा हात होता. हे नुकसान मोठं झालं. ज्यांच्यासाठी मेट्रो होती ते लोक आरेच्या बाजूने येऊ शकले असते.


तिसवाडी

नमस्कार, पणजीहून. आमच्याकडचं मोलें पायवाट यांच्या मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिल २०२० मध्ये सगळा देश घरात बंद असताना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठक झाली. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यानातून जाणारे दोन प्रकल्प तिथे पुढे सरकले: महामार्गाचं चौपदरीकरण आणि गोवा-तम्नार प्रकल्पाची उच्चदाब वीजवाहिनी. तिसऱ्याला, रेल्वेच्या दुपदरीकरणाला, डिसेंबर २०१९ लाच हिरवा कंदील मिळाला होता. रस्त्यावर उतरायला बंदी होती, म्हणून आंदोलन आधी फोनवरच उभं राहिलं. "आमचें मोलें" या नावाखाली तरुण चित्रकारांनी शेकरू, गवे, दूधसागर, जांभ्यावरची फुलं काढली. ती चित्रं गोव्याबाहेर गेली. वाद कोळशाशी जोडलेला होता. मुरगाव बंदरातून कर्नाटकाकडे कोळसा नेण्यासाठीच दुसरा रूळ हवा, असं इथल्या लोकांचं म्हणणं. "गोंयांत कोळसो नाका" ही घोषणा मोलेंच्या आधीपासूनची.

१ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक जमले. रुळाचं काम रात्री होणार होतं, म्हणून लोकही रात्रीच आले. हजारोंनी. मेणबत्त्या, घुमट वाद्यं, गाणी, आणि पहाटेपर्यंत रुळाशेजारी बसून राहिलेली म्हातारी माणसं. नंतर गुन्हेही दाखल झाले.

पण मी आवर्जून सांगतो ते तिसरं काम. शास्त्रज्ञ, वकील आणि विद्यार्थी पर्यावरण अहवालाची पानं घेऊन बसले. कोणता प्राणी यादीत नाही, कोणता सर्वेक्षणाचा काळ चुकीचा, कुठली मंजुरी तुकडे पाडून घेतली, हे सगळं लिहून काढलं. सुप्रीम कोर्टाच्या केंद्रीय सक्षम समितीपुढे ते गेलं. एप्रिल २०२१ ला समितीने दुपदरीकरणाची गरजच पटत नाही असा अहवाल दिला आणि ९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने रेल्वेची ती वन्यजीव मंजुरी रद्द केली.

चित्रांनी लोक जमवले, चांदरच्या रात्रीने राजकारण्यांना घाम फोडला, आणि निकाल आला तो त्या पानांवर. मात्र मंजुरी रद्द झाली ती अभयारण्यातल्या पट्ट्याची. वेळसांव-कासांवली भागात रुळाचं काम आणि गावकऱ्यांचा विरोध दोन्ही नंतरही चालू राहिले. तिथल्या लोकांच्या वाट्याला चित्रं आली नाहीत आणि अहवालही आला नाही. जंगलासाठी देश हळहळतो. मासेमारी करणाऱ्या गावातल्या घरांच्या भिंतींसाठी हळहळणारे कमी.


फळा_खडू

मी प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या वर्षीचं हिंदीचं प्रकरण इथे यायलाच हवं.

१६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला, पहिलीपासून हिंदी अनिवार्य. ओरड झाल्यावर मंत्र्यांनी सक्ती नाही म्हटलं. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात "अनिवार्य" जाऊन "सर्वसाधारणपणे" आलं, आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत अशी अट. आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात अठरा मुलं आहेत. म्हणजे पर्याय कागदावरच. हे शिक्षकांच्या गटांवर पहिल्या संध्याकाळीच लक्षात आलं आणि तिथून पालकांपर्यंत गेलं. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार आणि त्यांचे सहकारी, भाषा सल्लागार समिती, साहित्यिक, बालशिक्षणात काम करणारी माणसं, सगळ्यांनी एकच मुद्दा धरला: पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नका. ५ जुलैच्या मोर्चाची घोषणा झाली. दोन ठाकरे एकत्र येणार हे ठरलं. २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मोर्चा निघालाच नाही, ५ तारखेला वरळीला विजयी मेळावा झाला.

पायवाट, इथे रस्त्यावर यायच्या आधीच काम झालं. तुमच्या मांडणीत हे कुठे बसतं?


घाटमाथा

फळा_खडू, राग मानू नका, पण सरकार मागे हटलं ते महापालिका निवडणुका तोंडावर होत्या म्हणून. शिक्षकांच्या गटावरच्या निरोपांनी हटलं असतं तर मराठी शाळा कधीच बंद पडल्या नसत्या. त्यावर किती वर्षं लिहिलं जातंय!


पायवाट

घाटमाथा, निवडणूक होती हे खरं आहे. पण निवडणूक सगळ्याच प्रश्नांना सारखी लागू होती. त्यातला हाच प्रश्न का चालला? मला दोन कारणं दिसतात. मागे घ्यायची वस्तू एकच होती आणि तिला तारीख होती, १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय. आणि मुलांच्या वयाचा मुद्दा धरल्यामुळे मराठी-अमराठी भांडण न करताही त्याला पाठिंबा देता येत होता. मराठी शाळा बंद पडतात त्या हजार छोट्या निर्णयांनी. इथे पटसंख्या, तिथे शिक्षकभरती, कुठे संस्थाचालक. त्यातल्या कुठल्या एका कागदावर मोर्चा नेणार?

फळा_खडू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मोर्चाची तारीख हीच ताकद होती. पण नुसती तारीख कोणीही जाहीर करू शकतो. त्या दिवशी माणसं खरंच येतील असं सरकारला वाटावं लागतं. तो भरवसा दोन महिने शाळाशाळांतून, पालकसभांतून तयार झाला. वीस मुलांच्या अटीचा अर्थ तुम्ही पहिल्या संध्याकाळी पालकांना सांगितला, ते मी सगळ्यात वर ठेवतो.


गोदाकाठ

छत्रपती संभाजीनगरहून. २०१६ चे मराठा समाजाचे मूक मोर्चे आठवतात का? कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्टला पहिला मोर्चा आमच्या शहरात निघाला, तेव्हाच्या औरंगाबादेत. नियोजन सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पार्किंग कुठे, पाणी कुठे, पुढे मुली, मागे महिला, नेते शेवटी, घोषणा नाहीत, परतताना कचरा उचलायचा. पाच मुली कलेक्टरला निवेदन देणार. लाखोंची गर्दी आणि आवाज नाही. पोलिसांनाही असं काही माहीत नव्हतं. ९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत पोचेपर्यंत राज्यभर पन्नासच्या वर मोर्चे झाले.

नेता नसणं ही तेव्हा शान होती. कोणाला फोडता येईना, कोणाला विकत घेता येईना. पण बोलणी करायची वेळ आली तेव्हा कोणी बसायचं हे ठरेना. प्रत्येक जिल्ह्याचे समन्वयक वेगळे. २०१८ ला मराठा आरक्षणाचा कायदा झाला, २०१९ ला हायकोर्टात टिकला, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टात पडला. मग सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर जे उभं राहिलं ते अगदी उलट्या वळणाचं. एकच माणूस, एकच शब्द. मनोज जरांगे उठले की लोक उठतात, बसले की बसतात. ऑगस्ट २०२५ ला आझाद मैदानात पाच दिवस बसून हैदराबाद गॅझेटचा (निजामकाळच्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याचा) शासन निर्णय घेऊनच ते परतले.

पायवाट म्हणतात ते "धरून ठेवणारे हात" कोणाचे, हा प्रश्न आमच्याकडे असा सुटला. मला त्यात काळजीही वाटते. सगळं एका माणसाच्या प्रकृतीवर आणि निर्णयावर. शिवाय फोनवर जे चालतं त्याने गावात मराठा आणि ओबीसी शेजारी एकमेकांशी बोलेनासे झालेत. मूक मोर्चात जी शिस्त होती ती आता कोणाच्याच फोनवर दिसत नाही. आंदोलनाचा हिशेब मांडताना हेही लिहायला हवं. मागणी मिळेल न मिळेल, शेजार तुटला तर तो जोडायला शासन निर्णय निघत नाही.


जुनी_गोरेगावकर

वय ७६, त्यामुळे थोडं मागे जाते. १९७२ ला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतरजणींनी महागाई प्रतिकार समिती काढली, तेव्हा आमच्या हातात फोन सोडा, घरातही नव्हता. निरोप जायचा तो पाण्याच्या नळावर, रेशनच्या रांगेत आणि लोकलच्या लेडीज डब्यात. लाटणी घेऊन निघालेल्या बायकांचे फोटो पेपरात आले आणि मग दूरच्या उपनगरांतल्या बायकाही आल्या. त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अत्र्यांचा "मराठा" होता, अमर शेख आणि अण्णा भाऊंचे पोवाडे होते. म्हणजे निरोपाचं साधन प्रत्येक लढ्याला लागलंच.

फरक मला एका गोष्टीत दिसतो. नळावर निरोप देणारी बाई मला ओळखत होती. मी आले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारायची, काय गं, काल कुठे होतीस? गोरेगावात मृणालताईंना पाणीवाली बाई म्हणायचे ते एका मोर्चामुळे नव्हे. पाइपलाइन येईपर्यंत त्या महापालिकेच्या मागे लागून राहिल्या, आणि आम्हीही राहिलो, कारण नाही गेलो तर त्या घरी यायच्या. आता ज्या नातीच्या फोनवर आरेचे निरोप येतात तिला तो पाठवणाऱ्याचं नावही माहीत नसतं. तरी ती गेली हो. २०१९ ला मध्यरात्री गेली, मला न सांगता. मला तिचा अभिमान आहे.


संगणकवाला

इथे धोक्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. फोनवरून निरोप गेला की तो पोलिसांपर्यंतही जातो. मोर्चाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांच्या घरी १४९ ची नोटीस, म्हणजे पोलिसांची आगाऊ ताकीद येते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, नोटिसा त्याच. जुलै २०२० मध्ये पर्यावरण मंजुरीच्या नव्या मसुद्याविरुद्ध ईमेल पाठवायला सांगणाऱ्या तरुणांच्या संकेतस्थळांवर बंदी आली. त्यातल्या एका गटाला दिल्ली पोलिसांनी यूएपीएची, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याची नोटीस पाठवली, मग मागे घेतली. नुसते ईमेल! त्या मसुद्याला मात्र लाखो हरकती गेल्या आणि तो अंतिम झालाच नाही.

फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर सीमांवर इंटरनेट बंद केलं तेव्हाही शेतकरी उठले नाहीत, कारण त्यांचे लंगर, ट्रॉल्या आणि गावची पाळी इंटरनेटवर चालत नव्हती. १९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. तरुणांना माझं सांगणं, निरोपाची दुसरी वाट आधी ठरवून ठेवा. आणि पोरासोरांना गटाचं अ‍ॅडमिन करू नका. नोटीस त्यांच्या नावावर येते.


अनघा_ठाणे

धागा वाचून एक विचारायचं होतं. आमच्या रस्त्यावरच्या सात-आठ पर्जन्यवृक्षांवर (रेन ट्री) नोटिसा चिकटवल्यात, रुंदीकरणासाठी. सोसायटीच्या गटावर सगळे रडके चेहरे टाकताहेत. नेमकं काय करावं?


पायवाट

अनघाताई, नोटिशीवरची तारीख आधी बघा. हरकतीला साधारण सात दिवस असतात, त्यामुळे आजच लिहायला घ्या. नोटिशीचा आणि प्रत्येक झाडाचा फोटो काढा, झाडाचा क्रमांक, बुंध्याचा घेर, जागा लिहून ठेवा. हरकत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या नावे, प्रत उद्यान विभागाला, आणि पोच घ्या. शिक्का मारलेली पोच. ईमेल पाठवलात तरी कागद नेऊन द्याच.

सोसायटीतल्या प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावं. एकाने विचारावं की रुंदीकरणाचा मंजूर आराखडा दाखवा, झाड नेमकं त्यात येतं का. दुसऱ्याने पक्ष्यांच्या घरट्यांबद्दल लिहावं, तिसऱ्याने पुनर्रोपण कुठे करणार आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार ते विचारावं. सुनावणी मागा आणि तारीख मिळाली की जेवढी माणसं येतील तेवढी घेऊन जा, पावसाळ्यात ज्या रिक्षावाल्यांना त्या झाडांखाली थांबावं लागतं त्यांनाही. रस्ता हवा असणाऱ्या दुकानदारांशी आधी बोला, ते विरोधात जायच्या आत.

फोटो गटावर टाका, शहरभर फिरू द्या. फक्त प्रत्येक फोटोखाली हरकतीची शेवटची तारीख आणि कार्यालयाचा पत्ता लिहा. मसुदा तयार झाला की इथे टाका, सुरगाणाकर आणि तिसवाडी दोघेही नजर घालतील अशी विनंती करतो.


सुरगाणाकर

नक्की. आराखड्याची प्रत माहिती अधिकारात आजच मागा, उत्तराला तीस दिवस लागतात. हरकतीत लिहा की प्रत मागितली आहे आणि ती मिळेपर्यंत निर्णय घेऊ नये. त्या अर्जाचा क्रमांक हरकतीत टाकायला विसरू नका.